‘मनी मॉन्स्टर’: कायलचे ६० हजार डॉलर आणि प्रेक्षकांचे आक्षेप

‘मनी मॉन्स्टर’ पाहून उठलेल्यांमध्ये एक वाद हमखास होतो: कायल बडवेल बिचारा म्हणायचा की मूर्ख? आईच्या पश्चात मिळालेले ६० हजार डॉलर त्याने एकाच शेअरमध्ये घातले आणि ते बुडाले. मग टीव्हीवर टिप देणाऱ्या ली गेट्सला त्याने चालू कार्यक्रमात अंगावर स्फोटकांचा पट्टा चढवायला लावून ओलीस धरलं. शेअर बाजारात रोजची ऊठबस असलेले बहुतेक जण त्याला मूर्ख ठरवून मोकळे होतात. ते मला पटत नाही. सिनेमावर आर्थिक बाजूने जे आक्षेप घेतले जातात, त्यातले निम्मे चुकीच्या जागी बोट ठेवतात आणि खरी कच्ची जागा तशीच सुटते. (पुढे शेवटासकट सगळी गोष्ट येणार आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, ९८ मिनिटांचाच आहे.)

जोडी फॉस्टर दिग्दर्शिका, साल २०१६. जॉर्ज क्लूनी ली गेट्स, ज्युलिया रॉबर्ट्स कंट्रोल रूममधून कार्यक्रम चालवणारी पॅटी, जॅक ओकॉनेल कायल. कायलने जिचा शेअर घेतला त्या आयबिस नावाच्या कंपनीचे ८० कोटी डॉलर एका फटक्यात गेले आणि कंपनी सांगते की अल्गोरिदममध्ये, म्हणजे आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ग्लिच (तांत्रिक बिघाड) झाला. कायलचा प्रश्न एवढाच आहे की ग्लिच म्हणजे नक्की काय झालं.

आधी लीने काय सांगितलं होतं ते बघू. हा शेअर बचत खात्यापेक्षा सुरक्षित आहे, असं तो कार्यक्रमात बोलून गेलेला असतो. प्रेक्षक याकडे टीव्हीवरची नेहमीची बडबड म्हणून बघतात, पण हे वाक्य तपासून पाहता येतं. अमेरिकेत बँकेतल्या ठेवीला एफडीआयसी या सरकारी संस्थेचं विमा संरक्षण असतं: एका बँकेत एका खातेदाराला अडीच लाख डॉलरपर्यंत. कायलचे ६० हजार बचत खात्यात असते, तर बँक बुडाली तरी पूर्ण परत मिळाले असते. शेअरला असं काही नसतं. ब्रोकर बुडाला तर एसआयपीसीचं संरक्षण आहे, पण भाव पडला तर कुणीही भरपाई देत नाही. आपल्याकडेही तेच. रिझर्व्ह बँकेच्या डीआयसीजीसी या संस्थेचा विमा ठेवींना आहे, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत, आणि शेअरसाठी शून्य. म्हणजे लीचं वाक्य सरळसरळ खोटं होतं आणि ज्याच्यापाशी एवढीच पुंजी आहे अशा माणसाने ते ऐकलं. अशा टिपा देणाऱ्यांसाठी आपल्या शेअर बाजाराच्या नियामकाने, सेबीने, २०१४ मध्ये रिसर्च ॲनालिस्टचे नियम आणले. नोंदणी हवी, त्या शेअरमध्ये स्वतःचं काही अडकलं असेल तर तसं सांगायला हवं, आणि स्वतंत्र ॲनालिस्टला अहवालाच्या आधी ३० दिवस व नंतर ५ दिवस त्या शेअरमध्ये व्यवहार करता येत नाही. हे नियम का लागतात ते लीच्या त्या एका वाक्यावरून कळतं.

मग हुशार मंडळींचा पुढचा मुद्दा येतो: स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची ऑर्डर) लावला असता तर वाचला असता. नसता वाचला. साधा स्टॉपलॉस ट्रिगर झाला की मार्केट ऑर्डर होतो, म्हणजे त्या क्षणी जो खरेदीदार समोर असेल त्याच्या भावाला माल जातो. वाईट बातमी रात्रीतून आली आणि शेअर सकाळी गॅप डाऊन, म्हणजे कालच्या भावापेक्षा एकदम खूप खाली, उघडला, तर मधल्या भावांवर खरेदीदारच नसतात. समजा शेअर ७० वर बंद झाला, तुमचा स्टॉपलॉस ६५ ला आहे आणि दुसऱ्या दिवशी तो १० वर उघडला, तर तुमचा माल १० च्या आसपासच विकला जाणार. लिमिट (अमुक भावाखाली विकायचं नाही अशी अट) लावलेला स्टॉपलॉस असेल तर विकलाच जाणार नाही. अशा दिवशी कामाला येतं ते एकच: एका शेअरमध्ये किती पैसे घातले. ६० हजारांतले ५ टक्के, म्हणजे ३ हजार घातले असते, तर शेअर ९० टक्के पडल्यावर २,७०० गेले असते. कायलची चूक तिथे आहे, आणि ती मोठी आहे. पण बचत खात्यापेक्षा सुरक्षित म्हटल्यावर पैसे विभागून ठेवायचं कोण मनावर घेणार?

आता माझ्या मते सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग. जीव वाचवण्यासाठी ली कॅमेऱ्यात बघून प्रेक्षकांना गळ घालतो: आयबिस विकत घ्या, भाव वर न्या, बुडालेले ८० कोटी भरून निघू द्या. पडद्यावर भाव जरा हलतो, आशा वाटते, आणि मग तो उलट खाली जातो. लीचा चेहरा पडतो. बरेच प्रेक्षक म्हणतात हे नाटकी आहे, लाखो लोकांनी घेतला तर भाव चढलाच पाहिजे. नाही, असंच होतं. अशा शेअरच्या ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे खरेदी-विक्रीच्या लागलेल्या ऑर्डरींच्या यादीत, काय असतं ते बघा. वरच्या प्रत्येक पायरीवर अडकलेले लोक बसलेले असतात. समजा भाव ८ आहे: ८.१० ला विक्री लावलेली, ८.२५ ला लावलेली, ८.५० ला तर ढीग. निघेल तेवढी मुद्दल काढून मोकळं होऊ, असा प्रत्येकाचा विचार. भावनेच्या भरात आलेली शे-दोनशे शेअरची किरकोळ खरेदी पहिल्या दोन-तीन पायऱ्या खाते. तेवढ्यात मोठे विक्रेते बघतात की आज गिऱ्हाईक आलंय, आणि माल ओततात. शॉर्ट करणाऱ्यांनाही (भाव पडेल या अंदाजाने उसना शेअर आधी विकणाऱ्यांनाही) वरचा भाव आयता मिळतो. खरेदी आटली की भाव सुरुवातीच्याही खाली.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती सिनेमा बोलून दाखवत नाही. बाजारात शेअर विकत घेतला की पैसे विकणाऱ्याला मिळतात, कंपनीला एक छदामही जात नाही. आयबिसच्या तिजोरीतून ८० कोटी गेलेले असतील तर जगाने दिवसभर शेअर घेतले तरी ते भोक बुजत नाही. ली इतकी वर्षं हाच कार्यक्रम करतोय, त्याला हे माहीत असणारच. जिवाच्या भीतीने माणूस स्वतःच्या धंद्यातला पहिला धडा विसरतो, हे क्लूनीने फार नीट दाखवलंय.

ग्लिचकडे वळू. “अल्गोरिदमने एका झटक्यात ८० कोटी उडवले, हे अतिच” असं म्हणणाऱ्यांनी १ ऑगस्ट २०१२ ची सकाळ आठवावी. नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीने नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चढवायचा होता, सातच सर्व्हरवर चढला. आठव्यावर पॉवर पेग नावाचं वापरातून गेलेलं जुनं कोड पडून होतं, आणि नव्या प्रोग्रॅमसाठी जो फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) वापरला त्याने तेच जागं झालं. ४५ मिनिटांत ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींमधून ४० लाखांवर व्यवहार झाले आणि कंपनीचा तोटा ४६ कोटी डॉलरच्या घरात गेला. बाजार उघडण्याआधी त्या चुकीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल आपोआप निघाले होते, ते कुणी मनावर घेतले नाहीत. मुंबईचंही उदाहरण आहे. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका ब्रोकरच्या ५९ चुकीच्या ऑर्डरींनी, एकूण ६५० कोटींहून जास्त रकमेच्या, निफ्टी क्षणात ९०० हून अधिक अंकांनी कोसळला आणि एनएसईवरचे व्यवहार थांबवावे लागले.

तर आकडा अशक्य नाही. पण या दोन्ही घटनांत काही तासांतच कळलं होतं की कुठून काय गेलं. एक्स्चेंजवरच्या प्रत्येक ऑर्डरची वेळ, भाव, संख्या आणि टर्मिनल नोंदलं जातं, आणि प्रत्येक विक्रीसमोर एक खरेदीदार असतो. म्हणून कायलचा प्रश्न अडाणी माणसाचा वाटला तरी नेमका आहे. कंपनी “ग्लिच झाला” सांगून लॉग, म्हणजे या नोंदी, दाखवत नसेल तर ती काहीतरी झाकतेय. सिनेमात सोलमध्ये बसलेला प्रोग्रॅमर हेच सांगतो: आपलं अल्गोरिदम एवढी मोठी, एकतर्फी पोझिशन (एकाच ठिकाणी लावलेली रक्कम) आपण होऊन घेणार नाही, कुणीतरी हात घातलाय. ट्रेडिंग सिस्टिममध्ये पोझिशनवर मर्यादा घातलेली असते, आणि ती ओलांडायची तर कुणाच्या तरी लॉगिनने ओलांडावी लागते. सिनेमाचा हा भाग मला पूर्ण पटतो.

कच्ची जागा आहे ती दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीची. आयबिसचा सीईओ वॉल्ट कॅम्बी संपामुळे पडेल भावात मिळणाऱ्या प्लॅटिनम खाण कंपनीत आयबिसचे ८० कोटी घालतो. संप मिटला की भाव उसळेल, असा त्याचा हिशेब. संघटनेचा नेता लाच नाकारतो, संप चालूच राहतो आणि पैसे अडकतात. कथेला हे चालतं, पण खऱ्या प्लॅटिनमच्या बाजारात एवढं सरळ गणित नसतं. जगातलं सुमारे ७० टक्के प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येतं, आणि २०१४ मध्ये तिथे ७० हजारांच्या आसपास कामगारांनी पाच महिने संप केला. तरीही धातूचा भाव फारसा भडकला नाही, कारण कंपन्यांनी आधीच साठा करून ठेवला होता. लांबलेल्या संपानंतर खाण सुरू करायलाही आठवडे लागतात: आधी सुरक्षा तपासणी, कामगारांची वैद्यकीय तपासणी, मग टप्प्याटप्प्याने उत्पादन. शिवाय पगारवाढीचा बोजा कायमचा डोक्यावर. संप मिटल्या दिवशी अब्जावधींचा फायदा होईल असं एखाद्या सीईओला वाटावं, हे पटत नाही. आणि २०१४ च्या त्या संपाच्या दोन वर्षं आधी, १६ ऑगस्ट २०१२ ला, मारिकानाच्या प्लॅटिनम खाणीजवळ पोलिसांच्या गोळीबारात ३४ संपकरी मेले होते. त्या पार्श्वभूमीवर खाणकामगारांचा संप पटकथेत नुसता कळ दाबण्यापुरता येतो, हे मला खटकतं.

“लाचेचा व्हिडिओ सापडला, आता कॅम्बी आत” हेही लोक फार सोपं धरतात. परदेशी लाचेविरुद्धचा अमेरिकेचा १९७७ चा कायदा परदेशी सरकारी अधिकारी, राजकीय पक्ष आणि उमेदवार यांना दिलेल्या लाचेबद्दल आहे. खासगी खाणीतला कामगार नेता त्यात सहज बसत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या २००४ च्या कायद्यात खासगी लाचही गुन्हा आहे, तो तिथे चालेल. अमेरिकेत कॅम्बीला अडकवणार ती दोन कलमं: हिशेबाच्या वह्यांत खोटी नोंद, आणि भागधारकांना ग्लिच म्हणून केलेली फसवणूक. म्हणजे त्याच्या गळ्याला फास लागायचा तो बहुतेक प्रेक्षकांनी मनावरही न घेतलेल्या त्या एका शब्दाने.

पोलिसांविषयी थोडक्यात. “गोळी का घालत नाहीत?” याचं उत्तर कायलच्या अंगठ्यात आहे. बटण दाबून धरलंय, अंगठा सुटला की स्फोट. म्हणून तर पोलीस लीच्या अंगावरच्या पट्ट्यातला, बटणाचा संदेश पकडणारा रिसीव्हर उडवायचा बेत करतात, जरी गोळी लीला लागणार असली तरी. हे तर्काला धरून आहे. पण कायलच्या गरोदर मैत्रिणीला स्क्रीनवर आणून बोलू देणं ही पाठ्यपुस्तकातली चूक आहे. न्यूयॉर्क पोलिसांचं वाटाघाटी पथक १९७३ पासून आहे, आणि घरच्या माणसाला थेट बोलू द्यायचं नाही हे असल्या कामातलं जुनं पथ्य आहे, कारण दोघांत आतून काय धुमसतंय ते बाहेरच्याला माहीत नसतं. सिनेमात नेमकं तेच होतं. मॉली त्याला सगळ्या जगासमोर सोलून काढते. प्रेक्षक हसतात, मग हसल्याची लाज वाटते. प्रसंग म्हणून जबरदस्त आहे, पण एवढी अनुभवी माणसं तो घडू देतील असं वाटत नाही.

कंट्रोल रूमबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. प्रक्षेपण कापून का टाकत नाहीत, हा प्रश्न स्टुडिओ न पाहिलेले लोक विचारतात. स्टुडिओत रिटर्न मॉनिटर असतो, बाहेर काय जातंय ते तिथे उभ्या माणसाला, म्हणजे कायललाही, दिसतं. पॅटीच्या हातात उरतो तो फक्त लीच्या कानातला आवाज. छोटी वाक्यं, एका वेळी एकच सूचना, स्वर अजिबात न चढवता. रॉबर्ट्सचं अर्ध्याहून जास्त काम खुर्चीत बसून, हेडसेट लावून आहे, आणि सिनेमाचा तोल त्यावर टिकलाय.

शेवटाबद्दल सगळ्यात जास्त नाराजी ऐकू येते. वॉल स्ट्रीटवरून चालत फेडरल हॉलला जाणं, तिथे कॅम्बीच्या अंगात तो पट्टा चढवणं, त्याच्याकडून कॅमेऱ्यासमोर “चूक केली” वदवून घेणं, बटण फेकून देणं आणि मग कायलला गोळी. लोक म्हणतात, पैसे तर मिळालेच नाहीत, मग हा खटाटोप कशासाठी? पण मधेच ली आणि आयबिसची जनसंपर्क प्रमुख डायेन त्याला नुकसानभरपाई देऊ करतात तेव्हा कायल ती नाकारतो, हे लक्षात ठेवायला हवं. त्याला कबुली हवी आहे. आणि अशा प्रकरणांत सगळ्यात दुर्मिळ तीच असते. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एसईसीच्या बहुतेक तडजोडी “आरोप मान्यही नाही आणि अमान्यही नाही” या अटीवर होतात. नाइट कॅपिटलने २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरचा दंड भरला तो याच शब्दांवर. सेबीच्या सेटलमेंट आदेशांतही हेच वाक्य असतं. रक्कम भरली जाते, फाईल बंद होते, आणि चूक कुणाची होती ते कागदावर कुठेच येत नाही. कॅम्बी कायलकडे बघून “मी केलं ते चूक होतं” म्हणतो, तेव्हा कायलच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा उतरतो. ओकॉनेलचा तो चेहरा पुन्हा एकदा थांबवून बघा.