तुम्ही विचारलंत म्हणून: मी पुढचं वाचलं नव्हतं

नाही, नव्हतं वाचलं. आपल्या वाचनाच्या ग्रुपवर ‘द मूनस्टोन’ दर आठवड्याला एक भाग अशी सुरू होती तेव्हा त्या आठवड्याच्या भागापुढची एक ओळही मी पाहिली नव्हती. लग्नात, वाचनालयात, परवा तर इथं नागपुरात बर्डीवर भाजी घेतानाही हसत हसत हेच विचारलं गेलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते. (विल्की कॉलिन्सची ही कादंबरी ज्यांना अजून वाचायची आहे, त्यांनी इथूनच परतावं.)

रेचलला वाढदिवसाला मिळालेला हिरा रात्रीतून नाहीसा होतो, इथवर आपण आलो होतो. कुणाचा संशय हिऱ्याच्या मागावर असलेल्या तीन ब्राह्मणांवर, कुणाचा मोलकरणीवर. मी लिहिलं, ‘रेचलवर प्रेम करणाऱ्या फ्रँकलिननं तिच्यासाठी सिगार सोडलाय, त्याला झोप लागत नाही, जेवताना तो डॉक्टरशी औषधांवरून वाद घालतो. आणि नेमका तोच डॉक्टर पावसात भिजून तापानं आडवा होतो. मला वाटतं, त्या रात्री फ्रँकलिनला नकळत काहीतरी दिलं गेलंय.’

यात कसली आलीय हुशारी? माझं धंतोलीत औषधाचं दुकान आहे. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, सोडलेली माणसं काउंटरवर येऊन झोपेची गोळी मागतात, चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की माझ्याशीच भांडतात. फ्रँकलिन मला रोज भेटतो.

पहिलं उत्तर आलं, ‘मॅडम तर पुढचं वाचून राहिल्या!’ त्यावर हसरे चेहरे. मग एका सरांनी कितव्या पानावर आहात त्याचा पुरावा मागितला. मी पुस्तकाचा फोटो टाकला, खुणेला औषधाचं बिल ठेवलेलं. ‘खूण काय, कुठंही ठेवता येते.’ मी चिडून लांबलचक लिहायला घेतलं, तेवढ्यात नणंदेचा मेसेज आला: ‘वहिनी, जाऊ द्या ना आता.’ तिनंच मला ग्रुपमध्ये आणलं होतं. बाकीचे मला नीट ओळखतही नव्हते, त्यांचं काय एवढं. पण हिनं माझं अर्धं आयुष्य पाहिलंय, आणि तिनंही मला गप्प केलं ते सगळ्यांसमोर.

पुढे फ्रँकलिनला त्या रात्री नकळत अफू दिली गेली होती हे उघड झालं तेव्हा वाटलं, आता तरी कुणी बोलेल. बोलले की! ‘म्हटलं होतं ना, वाचलेलं होतं.’ अंदाज चुकला असता तर मी निर्दोष सुटले असते.

ही कादंबरी 1868 मध्ये जानेवारी ते ऑगस्ट, डिकन्सच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली. तेव्हाच्या वाचकाला पुढचं पान मिळणारच नव्हतं, म्हणून त्यानं काहीही ताडलं तरी हा आळ येणं शक्य नव्हतं.

आता खरं सांगते. सगळ्यांच्या आधी आपण टाकावं म्हणून मी तो मेसेज रात्रीच टाकला होता, आणि छान वाटलं होतं. आपण हप्ते पाडतो ते न कळण्याची मजा टिकावी म्हणून. मग अंदाज बरोबर असेल तर ऐकणाऱ्यासाठी रहस्य फुटलंच की. पण अंदाजच बांधायचे नाहीत, तर एकत्र वाचायचं कशाला? घरी एकटीनं रात्रीत संपवावी.

नणंद म्हणते, सगळ्यांना शंका सांगायची, उत्तर नाही. मी म्हणते, उत्तर आहे हे मला तरी कुठं माहीत होतं? सध्याच्या पुस्तकातही माझा एकावर संशय आहे. तिला अजून सांगितलेला नाही.