हॅवेलचे तांब्याचे पत्रे

दिवसभर पाऊस, बाहेर पडायचा कंटाळा. मग अमेरिकेतल्या पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या ऑडुबॉनच्या फ्लेमिंगोचं चित्र स्क्रीनवर मोठं करून बघत बसलो. त्याची मान एवढी खाली का वाकलीय? कारण पक्षी खऱ्या मापाचाच काढायचा हट्ट, आणि कागद साधारण ३९ बाय २६ इंच!

नाव ऑडुबॉनचं झालं. पण ती चित्रं छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून उतरवणारा माणूस म्हणजे लंडनचा धाकटा रॉबर्ट हॅवेल. १८३८ पर्यंत ४३५ पत्रे. (सुरुवातीचे दहा एडिनबर्गच्या लिझार्स या कोरीवकाम करणाऱ्याचे. त्याचे रंगारी संपावर गेले आणि काम हॅवेलकडे आलं. संपाचे उपकारच म्हणायचे.)

पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरायची, खालून ऊब द्यायची, मग आम्ल; ते राळेच्या कणांमधलं तांबं खातं आणि त्या खड्ड्यांत छपाईची शाई बसते. आम्लात जितका जास्त वेळ, तितकी छटा गडद. पिसांवरची ती मऊ सावली अशी आलीय. त्यात छापल्यावर सुलट यावं म्हणून सगळं कोरायचं उलटं, आरशातल्यासारखं! रंग तर प्रत्येक प्रतीत हाताने भरलेले.

पुढे अमेरिकेत यातले बरेच पत्रे भंगारात वितळवले गेले. काही वाचले ते तांबं वितळवणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजरच्या पोरामुळे. भट्टीत जाणाऱ्या तांब्यावर त्याला पक्षी दिसला होता.