कुबर पेडी: भोकं बुजवायची पद्धत नसलेलं गाव

ऑस्ट्रेलियातलं हे ओपल नावाच्या रत्नाच्या खाणींचं गाव. अॅडलेडहून स्टुअर्ट हायवेने साधारण साडेआठशे किलोमीटर वर, पोर्ट ऑगस्टा मागे पडलं की नुसती लाल माती आणि अधूनमधून रोडट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक), बायको सारखी पेट्रोलच्या काट्याकडे बघतेय, आणि मग एकदम दोन्ही बाजूंना मातीचे पांढरट ढिगारे सुरू होतात ते संपतच नाहीत. प्रत्येक ढिगाऱ्याशेजारी एक उघडा शाफ्ट, म्हणजे खाणीचं खोल उभं भोक. बुजवत नाहीत कोणी! पाट्या आहेत, पळू नका, मागे मागे चालू नका. सेल्फीवाल्यांनी नीट वाचाव्यात.

सगळे इथं येतात ते जमिनीखालची घरं बघायला. ती भारीच आहेत, बाहेर ४०च्या वर तापमान आणि आत एसी नसताना मस्त गार. सर्बियन लोकांचं चर्चसुद्धा खाली खोदलेलं. पण मला जास्त आवडला तो इथला खाणधंदा. १९१५ साली सोनं शोधायला आलेल्या टोळीतल्या १४ वर्षांच्या विली हचिसनला ओपल सापडला, तेव्हापासून लोक खणतायत, आणि अजूनही मोठी कंपनी वगैरे नाही, छोटा क्लेम (खणायचा हक्क असलेला जमिनीचा तुकडा) घ्यायचा आणि एकट्याने नाहीतर दोघं-तिघं पार्टनर मिळून खणायचं. मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा ब्लोअर ट्रक माती वर ओढतो. बहुतेकदा निघतो तो पॉच, म्हणजे ओपलच पण रंग न खेळणारा, किंमत जवळपास शून्य. तरी माणसं वर्षानुवर्षं इथंच! पूर्वी सुरुंग इतके कॉमन होते की ड्राइव्ह-इन थिएटरच्या पडद्यावर स्फोटकं आत आणू नका अशी सूचना यायची :)

आपल्यालाही शोधता येतं, त्याला नूडलिंग म्हणतात. गावातच ज्वेलर्स शॉप रोडवर त्यासाठी मोकळी जागा आहे, तिथं ढिगारे उकरत बसायचं. टोपी आणि पाणी मात्र भरपूर न्या, आणि माश्यांसाठी जाळी, हे मी हसण्यावारी नेत नाहीये. आम्हाला पॉच मिळाला, तोही नखाएवढा, पण पोरगी तिथून उठायला तयार नाही, शेवटी अंधार पडला म्हणून निघालो.

दुकानातून घ्यायचा असेल तर सॉलिड, म्हणजे अख्खा ओपल आहे की डबलेट हे आधी विचारा. डबलेट म्हणजे ओपलची पातळ चकती काळ्या बुडाला चिकटवलेली, दिसायला झकास, दरही खूप कमी, फक्त भांडी घासताना ती अंगठी बोटात ठेवू नका, पाणी शिरलं की आतून धुरकट होते.