आमची वाटचाल : वखरापासून तोटीच्या ठेल्यापर्यंत

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. बाबांच्या काळात वखर, डवरे, तिफणी अशा शेतीच्या अवजारांच्या आणि बैलबंडीच्या लोखंडी कामावर घर चालायचं. ट्रॅक्टर वाढले तसं ते काम आटलं. मग गेट-ग्रिल आणि त्यानंतर ठेले. आमच्या भागातली बरीच पोरं नागपूर-अमरावतीला तर्री पोहे, आलूबोंडा, समोसा विकतात. ठेला मात्र गावाकडेच बनवून घेतात.

तेव्हा ठेला म्हणजे पत्रा, चार चाकं आणि शेगडीची जागा. पाण्याची सोय कोणी त्यात धरतच नसे. खाली बादली लटकवली की झालं.

ठेल्यावर खाऊन पोट बिघडलं की लोक तेल-मसाल्याला नावं ठेवतात. पण खळखळ उकळणाऱ्या तर्रीच्या रश्श्यात जंतू सहसा टिकत नाहीत. घात होतो तो नंतर. वरून टाकलेला कच्चा कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि टमाटर, नोटा मोजलेल्याच हातानं उचललेला चिवडा, सकाळपासून एकाच बादलीत बुचकळलेल्या प्लेटा आणि पाण्याचा ग्लास. टायफॉइड, हगवण, हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ याच वाटेनं पोटात जाते. उन्हाळ्यात बर्फाची भर पडते. खाण्याचा नसलेला बर्फ निळा असावा असा नियम २०१८ पासून आहे. निळा दिसला तर घेऊच नका, हे आम्ही गोळा-सरबतवाल्यांना आवर्जून सांगतो.

एका पोहेवाल्या मावशींकडे मी हात धुण्याचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "धुवाले कोन नाही म्हनते जी? पन पानी ओताले तिसरा हात कुठून आनू?" एका हातात झारा, दुसऱ्यात प्लेट, समोर गिऱ्हाईक. त्यांचं शंभर टक्के खरं होतं. ठेलेवाल्यांना अस्वच्छ म्हणणाऱ्यांनी एक सकाळ त्यांच्या जागी उभं राहून बघावं.

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात आम्ही शाळा-ग्रामपंचायतींसाठी पायानं दाबायचे हात धुण्याचे स्टँड बनवले होते. तेच पायडल आम्ही ठेल्यात बसवलं. वर चाळीस लिटरची झाकणाची टाकी, तिला तोटी, खाली सांडपाण्याची टाकी, आणि ती वरच्यापेक्षा मोठी, म्हणजे पाणी रस्त्यावर सांडत नाही. कोपरे गोल केले, कारण बेसन आणि बटाटा कोपऱ्यातच अडकून सडतो. खाण्याला लागणारा भाग ३०४ ग्रेडच्या स्टीलचा ठेवला. २०२ स्वस्त पडतं, पण मीठ आणि चिंच लागून लवकर गंजतं.

खरी कसरत वजनाची होती. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, आणि ते पहाटे एकट्या बाईनं ढकलायचं. टाकी नेमकी आसाच्या वर घेतली, चाकं मोठी केली, बेरिंग घातले, तेव्हा कुठे गाडी हलकी चालू लागली. टाकीत टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचं द्रावण किती टाकायचं आणि अर्धा तास का थांबायचं, हे गाडी देताना समोर करून दाखवतो.

पैशाचा प्रश्न राहतोच. ठेलेवाल्यांसाठीच्या केंद्राच्या स्वनिधी योजनेतून सुरुवातीला दहा हजारांचं कर्ज मिळू लागलं, त्यावर शहरातल्या काहींनी गाडी घेतली. बाकीच्यांना आम्ही हप्ते देतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्याला वर्षाला शंभर रुपयांत नोंदणी ठेवली होती, तरी कित्येकांच्या कानावर ती गेली नव्हती. फॉर्म भरायला आमची मुलगी बसते.

काही गिऱ्हाईक खालची टाकी काढून तिथं कांद्याचं पोतं ठेवतात. त्यांच्यावर मी रागावत नाही. वरची टाकी भरायला जवळ नळच नसेल तर खालची गाडीत वागवायची तरी कशाला? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं विक्रीची क्षेत्रं ठरवायची सोय केली; त्या प्रत्येक क्षेत्रात एक सार्वजनिक नळ आणि सांडपाण्याची नाली असलीच पाहिजे, असं मी भेटेल त्या नगरसेवकाला सांगतो.

सध्या आठवडी बाजारात जमिनीवर बसून भजी विकणाऱ्यांसाठी घडीचा स्टँड चालू आहे. वीस लिटरची कॅन, एक तोटी, सायकलला बांधून नेता येईल असा. स्टँडचे पाय वाळूत रुततात, म्हणून खाली रुंद पत्रा लावून पुढच्या बाजाराला पुन्हा नेऊ.