शाळेच्या सभागृहाचं छत तपासून घेताना

रत्नागिरीजवळच्या आमच्या शाळेचं सभागृह जुनं. संस्थेच्या कार्यकारिणीत इमारतींचं काम माझ्याकडे, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिटही माझ्याच गळ्यात पडलं. पहिल्या अभियंत्याने कॉलमवर हॅमर टेस्ट (ठोक्याच्या उसळीवरून काँक्रीटची मजबुती जोखायची चाचणी) केली, फोटो काढले आणि 'किरकोळ दुरुस्ती करावी' असा सुबक, स्पायरल बाइंडिंगचा अहवाल दिला. छत फॉल्स सीलिंगच्या वर होतं. तिथवर शिडी लागलीच नव्हती.

जुन्या बिलांच्या फायलीत मात्र छत ओतलेलं नसून तयार पट्ट्यांचं असल्याची नोंद सापडली. दुसऱ्या अभियंत्यांना फोनवर एवढंच सांगितलं, तर म्हणाले, "आधी सभागृह बंद करा, मग मी येतो."

ह्या पट्ट्यांचा माल म्हणजे आत सळई घातलेलं एअरेटेड काँक्रीट. ॲल्युमिनियमची पूड घालून फुगवतात आणि दाबाच्या वाफेत पक्कं करतात. खडी नाही, आत आंबोळीसारखी जाळी. इंग्लंडमध्ये 2018 साली केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं असलंच छत कोसळलं. सुट्टीचा वार होता म्हणून निभावलं. पुढे 2023 च्या ऑगस्टअखेर, शाळा उघडायच्या तोंडावर, तिथल्या शंभराहून अधिक शाळांना असल्या छतांखालचे भाग बंद करायला लागले. (नव्या घरांच्या भिंतींतले एएसी ब्लॉक ह्याच जातीचे, पण त्यांत सळई नसते आणि ते छत म्हणून आडवे टाकलेले नसतात. उगाच घाबरू नका.)

सीलिंगच्या फळ्या काढल्यावर दोन-दोन फुटांच्या पट्ट्या आणि मधल्या खाचा स्पष्ट दिसल्या. दुसऱ्या अभियंत्यांनी, म्हणजे साहेबांनी, साधा स्क्रूड्रायव्हर हाताने दाबला, तो सहज आत गेला. ओल असलेल्या कोपऱ्यात तर भुगा हातावर आला. हॅमरचे आकडे ह्या मालाला लागूच नाहीत, असं ते म्हणाले.

खरी तपासणी पट्ट्यांच्या टोकांची. प्लास्टर फोडून पट्टी भिंतीवर किती टेकली आहे ते मोजायचं; निदान 75 मिलिमीटर हवी. काही ठिकाणी पट्टी दोन बोटंसुद्धा टेकलेली नव्हती. एक पट्टी पावसाच्या पाइपसाठी कुणीतरी टोकाशी कापलेली. ह्या मालात सळईची पकड मुख्यतः टोकाशी वेल्ड केलेल्या आडव्या सळयांवर असते, त्याच कापल्या गेल्या होत्या. शिवाय हे काँक्रीट सळईला गंजापासून स्वतः फारसं वाचवत नाही, कारखान्यात दिलेल्या लेपावर सगळी भिस्त. नेहमीचा स्लॅब गंजला की पोपडे पडून ओरडून सांगतो. इथे सळई बरीच खाल्ली गेली तरी खालून काही दिसेलच असं नाही. आमच्याकडे चार महिने पाऊस, वर्षभर खारा वारा, आणि दर दोन-चार वर्षांनी गळतीवर डांबराचा आणखी एक थर. वजन वाढतच गेलं.

बैठकीत अपेक्षित वाक्य आलंच: "पडायचं असतं तर कधीच पडलं असतं." साहेबांनी वाद घातला नाही. कापलेल्या पट्टीचा फोटो टेबलावर फिरवला आणि टेकूंचा खर्च सांगितला. टेकू लागले, कुलूप लागलं; पट्ट्या उतरवून लोखंडी कैच्यांवर पत्रा घालायचं ठरलं.

यंदाचं स्नेहसंमेलन पटांगणात. मंडपवाल्याने डिसेंबरचा दर लावला, त्यावर छतापेक्षा जास्त वेळ चर्चा झाली.