बंडी उलार होते, ट्रेलरही होतो

बर्डीहून धंतोलीला सोफा न्यायचा तर आपण छोटा हत्ती बोलावतो. अमेरिकेत लोक आपल्याच गाडीमागे ट्रेलर जोडतात. बोट भंगारात गेली की तिचा ट्रेलर स्वस्तात मिळतो, म्हणून वाळू-लाकडासाठी तोच घेण्याचा मोह होतो. घ्यावा, पण त्याची ठेवण ओळखून.

बोटीचं इंजिन मागे असतं, म्हणून ॲक्सलही बराच मागे. वर फळ्या टाकून माल मधोमध रचला की भार पुढे कपलरवर, म्हणजे गाडीला अडकणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावर, येतो आणि गाडीचं बूड बसतं. मग माल मागे ढकलतात, हमखास जास्तच ढकलतात, आणि बंडी उलार व्हावी तसा ट्रेलर पुढून हलका होतो. हायवेवर असा ट्रेलर डुलू लागला की गाडीलाच फिरवतो.

माल धरून ट्रेलर 900 किलोचा असेल तर कपलरवर 90 ते 135 किलो भार हवा. घरच्या वजनकाट्यावर तो मोजता येतो: फळीचं एक टोक विटेवर, विटेपासून एका फुटावर कपलर, तीन फुटांवर काटा. आकड्याची तिप्पट करायची. ट्रेलर मात्र सपाट उभा हवा.

खरा इलाज ॲक्सल पुढे घेण्याचा. बहुतेक वेळा तो, पाटे आणि त्यांचे हँगर यू-बोल्टने चेसिसला धरलेले असतात; मडगार्डही सोबत सरकवावे लागतात. कपलरपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांचं अंतर सारखं भरलं नाही तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर खातो.

बोटीच्या पोटासाठी आडव्या पट्ट्या मध्ये खोलगट असतात. म्हणून बोटीच्या गादीफळ्या आणि विंचचा, म्हणजे बोट ओढून घेणाऱ्या चरख्याचा, खांब काढून, दोन बाय सहा इंची आडवे वासे यू-बोल्टने कसायचे, वर पाऊण इंची प्लायवूड. पाटे दबले तरी चाक लाकडाला घासू नये, एवढी उंची ठेवायची. वेल्डिंग नकोच: गॅल्व्हनाइज्ड लोखंडावरचं जस्त जळून विषारी धूर होतो. चेसिस ॲल्युमिनियमची असेल तर वाळवीरोधक लाकडाखाली रबराची पट्टी हवी, लाकडातलं तांबं ॲल्युमिनियम खातं.

आता वजन. ट्रेलरच्या प्लेटवर मालासकट एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते; समजा 2,000 पौंड, म्हणजे 907 किलो. रिकामा ट्रेलर 200, नवं लाकूड 70. उरले सहाशेच्या आसपास. चार बाय आठ फुटांच्या फळीवर ओली वाळू चार इंच पसरली की संपलं! फळीच्या कडा एक फूट उंच केल्या तर भरणारा हात थांबत नाही, म्हणून वाळूसाठी आत चार इंचांवर रंगाची रेघ ओढलेली बरी.

चाकांचे बेअरिंग आधी उघडायचे. तापलेला हब, म्हणजे बेअरिंग बसतात तो चाकाचा मधला भाग, तळ्याच्या गार पाण्यात उतरला की पाणी आत ओढतो. ग्रीस दुधाळ दिसलं तर बेअरिंग आणि सील दोन्ही बदलायचे. पहिल्या पंधरा किलोमीटरनंतर हबला हात लावायचा. कोमट चालतो, चटका बसला तर माल तिथेच उतरवायचा.