कोळसा, तांदूळ आणि भिंत

प्रभाकर पाचपुते यांची चित्रे हल्ली वारंवार पाहतो आहे, आणि निसर्ग, पर्यावरण, अस्मिता असे मोठे शब्द ज्यांच्याविषयी सर्रास वापरले जातात त्या कलावंतांत हा माणूस वेगळा का वाटतो, ते आज स्वतःपुरते लिहून ठेवावे असे मनात आले.

पाचपुते मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातील सास्तीचे. जन्म १९८६ चा; घरातील आधीच्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. मावशी राजुऱ्याला असल्यामुळे तो मुलूख माझ्या थोडाफार पाहण्यातला आहे. बल्लारपूर मागे टाकून वर्धा नदीचा पूल ओलांडला की काळ्या सपाट रानात, कपाशीपलीकडे, टेकड्या दिसू लागतात. परक्या माणसाला त्या डोंगरच वाटतील, पण कोळशावरचे माती-दगड उपसून उघड्या खाणीच्या कडेला रचलेले ते ढिगारे आहेत. तिथली माणसे त्यांना ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात. पावसाळ्यात त्यांच्यावर झुडपे उगवतात आणि फसवणूक पुरी होते.

पाचपुत्यांच्या चित्रांत हा भूगोल माणसाच्या शरीरातच शिरलेला असतो. धड शेतकऱ्याचे किंवा खाणमजुराचे आणि डोक्याच्या जागी एखादे यंत्र वा अवजार. जनावर, जमीन आणि माणूस यांच्यामधली रेघ कुठे संपते ते कळू नये अशी मांडणी. बाहेर उभे राहून हळहळावे असा ‘निसर्ग’ इथे नाहीच, कारण ज्या खाणीने जमीन गिळली तिच्याच पगारावर घरे चालली, हे या चित्रकाराला घरातूनच ठाऊक आहे. मला त्यांच्या कामातला हा पेच सर्वांत मोलाचा वाटतो. शिक्षण शिल्पकलेचे, खैरागड आणि बडोदा येथे झालेले. तरी नाव झाले ते कोळशाच्या कांडीने थेट भिंतीवर काढलेल्या प्रचंड रेखाटनांमुळे. २०२१ मध्ये वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ पारितोषिकाच्या सहा मानकऱ्यांत ते होते. वेल्स हाही कोळशावर पोसलेला आणि खाणी बंद पडल्यावर पोरका झालेला प्रदेश, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला सास्ती समजावून सांगावी लागली नसेल.

भिंतीवरचे असे रेखाटन प्रदर्शन संपले की पुसले जाते. हे वाचताना मला वारली लग्नचौक आठवला. डहाणूकडच्या घरांत सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो भिंतीवर काढतात, मध्ये पालघाट देवी बसते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि लग्न उरकल्यावर तो जपून ठेवण्याची कुणाला ओढ नसते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदा-कापडावर आणले, लग्नाबाहेरचे विषय त्यात घेतले, आणि बायकांच्या हातची कला पुरुषांचा व्यवसायही झाली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मासे पकडण्याच्या जाळ्याचे चित्र पाहावे: कापडभर बारीक पांढऱ्या रेघांची वीण आणि तिच्यात हरवलेली चिमुकली माणसे. आता तीच त्रिकोणी माणसे पडद्यांवर, कपांवर आणि पुलांच्या खांबांवर नाचतात. त्या नाचात तारपा हे वाद्य असते, पण भात लावलेले शेत नसते; म्हणून त्याला अस्मिता म्हणायला मी कचरतो.

गंजाडच्याच राजेश वांगड यांनी यातून काढलेली वाट मला अधिक पटते. २०१३ पासून गौरी गिल यांनी त्या परिसराची कृष्णधवल छायाचित्रे काढली आणि वांगडांनी त्यांवर शाईने वारली चित्रे रेखाटली. कॅमेऱ्याला जे रान नुसते मोकळे दिसले, ते गोष्टींनी, देवांनी, तुटलेल्या झाडांनी आणि कारखान्यांनी गच्च भरून गेले. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला; तिथल्याच वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. ही चित्रे पाहताना त्या दोन तारखा डोक्यातून जात नाहीत.

पाचपुते अलीकडे मोठे कॅनव्हासही रंगवतात आणि ते संग्रहांत जातात. काही जाणकारांना यात तडजोड दिसेल, मला दिसत नाही. म्हशांनीही कापड विकलेच. पुसल्या जाणाऱ्या भिंतीवर कुणाची चूल पेटत नाही.